माळ्यावरच्या सर्व्हरच्या नोंदी

१२ एप्रिल २०२५, शनिवार

जुनी नोंदवही हरवलेली नाही, तरीही नवी सुरू करावी लागत आहे. मार्चमध्ये सर्व्हर दोन दिवस बंद होता आणि तो पुन्हा कसा सुरू करायचा, याच्या सूचना मी त्याच सर्व्हरवर लिहून ठेवल्या होत्या. यापुढे नोंदी आधी कागदावर होतील आणि सवडीने टंकल्या जातील.

सद्यःस्थिती अशी आहे. एका कार्यालयातून निघालेला, नागपुरात सीताबर्डीवरून जुना घेतलेला छोटा संगणक. ८ जीबी मेमरी, २५६ जीबीची एसएसडी, यूएसबीने जोडलेली २ टीबीची हार्ड डिस्क आणि त्यावर डेबियन १२ ही लिनक्स कार्यप्रणाली. जागा माळ्यावर, रिकाम्या सूटकेसांच्या शेजारी. या डब्यावर तीन संकेतस्थळे चालतात. पहिले वडिलांनी टिपलेल्या नॅरोगेज गाड्यांच्या छायाचित्रांचे. त्यात बहुतेक छायाचित्रे इतवारी ते नागभीड मार्गावरची, म्हणजे उमरेड, भिवापूर या बाजूची आहेत. नोव्हेंबर २०१९ मध्ये गेज परिवर्तनासाठी तो मार्ग बंद झाल्यापासून या संग्रहाला थोडे अधिक वाचक मिळू लागले. दुसरे संकेतस्थळ गच्चीवरील तापमान व पावसाच्या दैनंदिन नोंदींचे. तिसरे शेजारच्या काकांचे. ते निवृत्त शिक्षक असून अंबाझरी व गोरेवाडा येथील पक्ष्यांविषयी लिहितात आणि त्यांचे संकेतस्थळ ज्यावर चालते ते वर्डप्रेस सांभाळण्याचे काम, मी एकदा ‘हो’ म्हटले म्हणून, माझ्याकडे आहे.

आजचे मुख्य काम घराच्या इंटरनेटवरील पत्त्याचे होते. इंटरनेट जोडणी बदलल्यानंतर राउटरला मिळालेला पत्ता १०० या आकड्याने सुरू होतो आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ च्या मध्ये येतो, म्हणजे आपण सेवादात्याच्या सामायिक पत्त्यामागे आहोत. आयपीव्ही४ पत्ते अपुरे पडू लागल्यावर २०१२ मध्ये हा गट याच कामासाठी राखून ठेवला गेला. अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता दिला जात असल्याने घरातून बाहेर जाता येते, मात्र बाहेरून घरापर्यंत कोणी पोहोचू शकत नाही. राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याचे क्रमांकित दार, उघडण्याचा खटाटोप तासभर केला तो फुकट गेला, कारण दार उघडले तरी फाटक दुसऱ्याच्याच ताब्यात होते.

स्थिर पत्त्यासाठी महिन्याला जेवढे पैसे मागितले गेले, त्याहून कमी भाड्यात बाहेर एक लहानसे आभासी यंत्र, म्हणजे दुसऱ्याच्या मोठ्या सर्व्हरमधला एक वाटा, मिळाले. घरचा डबा वायरगार्ड या साधनाने, म्हणजे इंटरनेटमधून काढलेल्या खासगी बोगद्याने, त्या यंत्राशी स्वतःहून जोडला जातो आणि दर २५ सेकंदांनी एक रिकामे पाकीट पाठवून वाट उघडी ठेवतो. वाचक भाड्याच्या यंत्राच्या पत्त्यावर येतो, ते यंत्र त्याला बोगद्यातून घरी पाठवते. संकेतस्थळ खरे असल्याची ब्राउझरला खात्री देणारे सुरक्षा प्रमाणपत्र आणि त्याची खासगी किल्ली घरीच ठेवली आहे, भाड्याच्या यंत्राने नुसते हमालाचे काम करावे. त्याच्या फायरवॉलमध्ये सुरक्षित वेबपानांचे ४४३ क्रमांकाचे पोर्ट, बोगद्याचे पोर्ट आणि मला दुरून आज्ञा देता याव्यात म्हणून एसएसएच एवढेच उघडे ठेवले. साध्या एचटीटीपीचे ८० बंद केले.

२५ मे २०२५, रविवार

आजपासून नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस. माळ्याच्या वर थेट गच्चीचा स्लॅब आहे आणि तो रात्री अकरा वाजताही हाताला गरम लागतो. स्मार्टसीटीएल या साधनाने हार्ड डिस्कचे तापमान पाहिले, तेव्हा ५८ अंश दिसले. डिस्कच्या माहितीपत्रकात कमाल मर्यादा ६० अंशांची आहे. प्रोसेसर तापला की आपला वेग कमी करून स्वतःला सांभाळतो; डिस्ककडे तशी सोय नसते, ती निमूटपणे फिरत राहते आणि एक दिवस फिरायची थांबते.

डबा खाली आणला. कूलरसमोर ठेवण्याचा मोह आवरला, कारण कूलरची हवा थंड असली तरी ओलसर असते आणि तिच्याबरोबर वाळ्याचा भुसाही येतो. उत्तरेकडील खोलीत, फडताळाच्या सर्वांत खालच्या कप्प्यात, फरशीपासून वीतभर उंचीवर तो आता उभा आहे. झाकण उघडून पंख्यावरील धूळ ब्रशने काढली; तिचा जाड नमदाच निघाला. दोन तासांनी डिस्क ४६ अंशांवर आली. एका पैशाचाही खर्च न होता १२ अंशांचा फरक पडला. डबा गेली तीन वर्षे माळ्यावर का होता, याचे उत्तर एवढेच की तिथे तो दिसत नव्हता.

जाता जाता तापमानाच्या संकेतस्थळातही एक दुरुस्ती केली. गच्चीवरील संवेदक उन्हात आला की ५१, ५२ असे आकडे सांगतो आणि संकेतस्थळ ते बिनदिक्कत छापते. नागपूरचा नोंदलेला उच्चांक ४७.९ अंशांचा, २३ मे २०१३ रोजीचा. गेल्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस एका स्वयंचलित केंद्राने येथे ५६ अंश दाखवले, तेव्हा तो आकडा देशभर पोहोचला आणि संवेदक बिघडल्याचा खुलासा त्याच्या मागून लंगडत आला. आता ४८ च्या वरचा कोणताही आकडा मी स्वतः पाहिल्याशिवाय पानावर चढणार नाही, अशी अट प्रोग्राममध्ये घातली आहे.

१ जुलै २०२५, मंगळवार

सकाळी साडेसहाला काकांचा फोन आला. “काऊन रे बाबू, साइट उघडूनच नाही राहिली. ‘धोका आहे’ म्हणते.”

प्रमाणपत्राची मुदत काल संपली होती. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत प्रमाणपत्रे देणाऱ्या सेवेचे प्रमाणपत्र ९० दिवसांचे असते. माझे १ एप्रिलला निघालेले होते. ते आणणारा सर्टबॉट हा प्रोग्राम मुदतीच्या ३० दिवस आधीपासून, दिवसातून दोनदा, नूतनीकरणाचा प्रयत्न करतो. तो त्याने जूनभर इमानेइतबारे केला, दर वेळी अपयशी ठरला आणि प्रत्येक अपयश लॉगमध्ये, म्हणजे यंत्राच्या स्वतःच्या नोंदवहीत, लिहून ठेवले. तो लॉग मी एकदाही उघडला नाही.

अपयशाचे कारण १२ एप्रिलच्या नोंदीत शेवटच्या ओळीत आहे. हे नाव आपल्याच ताब्यात आहे हे सिद्ध करण्याची जी पद्धत मी वापरतो, तिच्यात तपासणी ८० क्रमांकाच्या पोर्टवरूनच सुरू होते. तिथून ४४३ कडे वळवले तरी चालते, पण ८० वर कोणी दारच उघडले नाही तर तपासनीस परत जातो. आता साधे एचटीटीपी कोण वापरते, अशा समजुतीने मी ते दार बंद केले होते. ते उघडून नूतनीकरणाची आज्ञा दिली आणि मिनिटभरात तिन्ही नावांची प्रमाणपत्रे आली.

मला अधिक खटकले ते वेगळेच. इतकी वर्षे मुदत जवळ आली की सूचनेचा ईमेल येत असे आणि मी त्याच्या भरवशावर होतो. ती ईमेल सेवा ४ जून २०२५ पासून बंद झाली आहे; तसे आधी कळवलेही होते आणि ते पत्र माझ्या ईमेलमध्ये वाचलेल्या पत्रांत सापडले. शिवाय प्रमाणपत्रांची कमाल मुदत पुढे कमी कमी होत जाणार आहे. ब्राउझर कंपन्या व प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था यांच्या मंचाने एप्रिलमध्ये ठरवल्यानुसार १५ मार्च २०२६ पासून ती २०० दिवस, २०२७ मध्ये १०० आणि २०२९ मध्ये ४७ दिवस होईल. ९० दिवसांच्या प्रमाणपत्राला आज त्याचा काच नाही. मात्र हाताने लक्ष ठेवण्याचे दिवस संपले, हे त्यातून स्पष्ट होते.

म्हणून भाड्याच्या यंत्रावर दहा ओळींचा प्रोग्राम ठेवला. तो रोज सकाळी तिन्ही संकेतस्थळे बाहेरून, एखाद्या वाचकाप्रमाणे उघडतो, प्रमाणपत्राचे उरलेले दिवस मोजतो आणि ते २१ पेक्षा कमी असतील तर मला संदेश पाठवतो. पहारेकरी घराबाहेर हवा. घरातल्याच यंत्राला स्वतःवर पहारा ठेवायला सांगितले, तर ते बंद पडल्यावर काहीच सांगत नाही, आणि काहीच ऐकू आले नाही की सर्व ठीक आहे असे आपण समजतो.

२० जुलै २०२५, रविवार

भाच्याने सुट्टीत स्कॅन केलेली ६४० छायाचित्रे आरसिंक या फाइली पाठवणाऱ्या साधनाने सर्व्हरवर आणली. नॅरोगेजच्या पानांवर त्यांपैकी १४ दिसेनात. ‘पान सापडले नाही’ असे उत्तर येत होते. फोल्डरमध्ये पाहिले तर चौदाही फाइली जागेवर. दुवा आणि फाइलीचे नाव शेजारी शेजारी ठेवून अक्षरन् अक्षर ताडले. काही फरक नाही. परवानग्या योग्य, वाचकाला पाने देणाऱ्या एनजिनएक्स या प्रोग्रामची मांडणी योग्य. दोन तास गेले.

मग ती चौदा नावे कागदावर एकाखाली एक लिहिली आणि लिहिता लिहिताच ध्यानात आले. ‘पहाऱ्यावरचा गँगमन’, ‘फेऱ्या मारणारे इंजिन’, ‘गव्हाच्या भाऱ्यांजवळ’. प्रत्येक नावात ऱ होता. ‘गर्दी’ किंवा ‘सूर्यास्त’ असलेल्या नावांना काहीही झाले नव्हते.

युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक प्रमाणात, ऱ दोन प्रकारांनी लिहिता येतो. एक म्हणजे त्याचे स्वतःचे चिन्ह, ०९३१ क्रमांकाचे; इनस्क्रिप्ट कळफलकावर त्यासाठी वेगळी कळ आहे आणि मी दुवे टंकताना तीच दाबतो. दुसरा प्रकार म्हणजे साधा र आणि त्याखाली नुक्ता, म्हणजे टिंब, अशी दोन चिन्हे. प्रमाणानुसार दोन्ही समान मानायची असतात आणि पडद्यावर दोन्हींचे ‘ऱ्या’ डोळ्यांना तंतोतंत सारखेच दिसते. भाच्याच्या जुन्या लॅपटॉपवरील फाइलप्रणाली मात्र प्रत्येक नाव फोडून, म्हणजे दुसऱ्या प्रकारे साठवते. लिनक्स त्यात काही मत देत नाही. त्याच्या दृष्टीने नाव म्हणजे बाइटांची माळ. पहिल्या प्रकारचा ऱ तीन बाइटांचा, दुसऱ्या प्रकारचा सहा बाइटांचा. त्यामुळे दुवा एका माणसाला हाक मारत होता आणि घरात त्याच चेहऱ्याचा दुसराच माणूस बसला होता.

कन्व्हएमव्ही या साधनाने सर्व नावे जोडलेल्या रूपात आणली. ते आधी नुसते काय बदलेल ते दाखवते आणि वेगळे बजावल्याशिवाय काहीही बदलत नाही. हा स्वभाव मला आवडतो. यापुढे ही नावे दुरुस्त करण्याची पायरी रोजच्या कामातच घातली आहे.

नावे रोमन लिपीत ठेवली असती तर हा प्रश्नच उद्भवला नसता, हे खरे. देवनागरीतील पत्ता चिकटवला की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक शेपटी होते, कारण एकेका चिन्हाला नऊ अक्षरे लागतात. तरीही छायाचित्रांच्या मागे वडिलांनी जे लिहिले तेच फाइलीचे नाव असावे, असा माझा आग्रह आहे आणि त्याची किंमत आज दोन तास होती.

२३ ऑगस्ट २०२५, शनिवार

आज मारबत, पुतळ्यांच्या मिरवणुकीने ईडापीडा गावाबाहेर घालवण्याचा नागपूरचा सण. दुपारी महालातून परतल्यावर, कानांत अजून ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ घुमत असताना, काकांच्या वर्डप्रेसमधील प्लगिनांची, म्हणजे जोड प्रोग्रामांची, यादी उघडली. एकूण २३ प्लगिन. त्यांपैकी नऊ निष्क्रिय, चार असे की ज्यांच्या कर्त्याने तीन वर्षांत काहीच सुधारणा केलेली नाही आणि एकाचे काम काय, हे मला किंवा काकांनाही सांगता आले नाही. संध्याकाळपर्यंत सहा उरली. निष्क्रिय प्लगिन निरुपद्रवी असते, हा समज चुकीचा आहे. त्याच्या फाइली सर्व्हरवर असतातच आणि त्यात भोक असेल तर ते बाहेरून गाठता येऊ शकते. घेऊन जा गे मारबत.

त्यानंतर लॉग. पावसाच्या संकेतस्थळावर गेल्या आठवड्यात अचानक वर्दळ वाढली होती आणि मी मनातून सुखावलो होतो. ती वर्दळ एका यांत्रिक वाचकाची निघाली. महिन्याच्या पानावर ‘पुढील महिना’ असा दुवा आहे. तो प्रोग्राम कोणत्याही महिन्याचे पान बनवून देतो, नोंदी असोत वा नसोत. हा पाहुणा एकेक महिना पुढे सरकत, मी पाहिले तेव्हा, २१४७ सालच्या मार्चमध्ये पोहोचला होता. पाऊस शून्य मिलिमीटर.

यांत्रिक वाचकांनी काय वाचू नये हे सांगणाऱ्या रोबोट्स नावाच्या फाइलीत मनाईची ओळ आधीपासून होती. तो संकेत १९९४ पासून चालत आला असून २०२२ मध्ये त्याला औपचारिक प्रमाणाचे रूप मिळाले, पण तो विनंतीफलक आहे, कुलूप नव्हे. दोष तसा माझाही होता, कारण न संपणारा जिना मीच बांधला होता. आता नोंदी असलेल्या महिन्यांपलीकडे ‘सापडले नाही’ हेच उत्तर मिळेल, आणि एका पत्त्यावरून सेकंदाला दोनपेक्षा अधिक मागण्या आल्या तर एनजिनएक्स त्या परतवेल.

१३ सप्टेंबर २०२५, शनिवार

डेबियन १३ हे ९ ऑगस्टला प्रसिद्ध झाले. महिनाभर थांबण्याचे दोन हेतू होते: इतरांना काय ठेच लागते ते पाहणे आणि गणपती सुखरूप पार पडू देणे. आज सकाळी नऊला सुरुवात केली.

आधी काकांच्या नोंदी ज्यात साठतात त्या मारियाडीबी या माहितीसाठ्याचा पूर्ण उतारा, म्हणजे प्रत, काढला आणि सेवा व्यवस्थित बंद केली; आवृत्ती १०.११ वरून ११.८ वर जाते आणि मधेच वीज गेल्यासारखी बंद पडलेली माहिती नवी आवृत्ती स्वीकारत नाही. पॅकेजांच्या स्रोतांत जुन्या आवृत्तीचे नाव बदलून नवे केले, आधी किमान आणि मग पूर्ण अशी दोन टप्प्यांत अद्ययावतता केली. पडदा व कळफलक डब्याला प्रत्यक्ष जोडून बसलो होतो, कारण नव्या कर्नेलबरोबर, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याबरोबर, नेटवर्क कार्डाचे नाव बदलू शकते आणि तसे झाले तर बोगद्यातून आत शिरण्याचा मार्गच बंद होतो. नाव बदलले नाही. साडेदहाला यंत्र पुन्हा सुरू झाले.

नॅरोगेज व पाऊस उघडले. काकांच्या पानावर ५०२ ही त्रुटी, म्हणजे मागच्या प्रोग्रामकडून उत्तर नाही. येथे फार शोधावे लागले नाही. वर्डप्रेस ज्यावर चालते त्या पीएचपीची आवृत्ती ८.२ वरून ८.४ झाली आणि एनजिनएक्स ज्या सॉकेटमधून पीएचपीशी बोलते, त्याच्या नावातच आवृत्तीचा आकडा असतो. एका अंकाचा बदल, आणि चक्रवाकाचे छायाचित्र पडद्यावर परतले.

१६ सप्टेंबर २०२५, मंगळवार

शनिवारी लिहिलेली निश्चिंत नोंद तीन दिवस टिकली. रात्री छायाचित्रांच्या लघुप्रती बनवणारा प्रोग्राम चालला आणि यंत्र इतके मंद झाले की एसएसएचला उत्तर यायला दीड मिनिट लागले.

डेबियन १३ पासून तात्पुरत्या फाइलींचे ‘टीएमपी’ हे फोल्डर डिस्कवर नसून मेमरीत असते आणि ते निम्म्या मेमरीपर्यंत वाढू शकते. आवृत्तीसोबतच्या टिपणात हे ठळक लिहिलेले आहे. मी ते टिपण नेटवर्क कार्डाच्या परिच्छेदापर्यंत वाचले होते. आमचा प्रोग्राम एका वेळी ४० स्कॅन त्या फोल्डरात उलगडतो. ३५ मिलिमीटरच्या रंगीत निगेटिव्हचा, इंचाला ४,००० बिंदूंनी केलेला १६ बिटांचा स्कॅन सुमारे १२५ एमबीचा होतो. चाळीसांचे ५ जीबी झाले. मर्यादा ४ जीबी. म्हणजे निम्मी मेमरी छायाचित्रांनी भरली आणि उरलेल्या निम्म्यात मारियाडीबीसह सगळ्यांनी दाटीवाटीने राहावे, अशी व्यवस्था झाली होती.

जुनी पद्धत परत आणता येते, एका आज्ञेचे काम आहे. पण चूक प्रोग्रामची होती. एका वेळी ४० स्कॅन उलगडण्याची गरज नव्हती. मी ते तेव्हा लिहिले कारण तसे लिहिणे सोपे होते. आता एक उलगडायचा, त्याची लघुप्रत करायची, पुसायचा. वेळ तेवढाच लागतो.

२ ऑक्टोबर २०२५, गुरुवार

दसरा. दीक्षाभूमीच्या गर्दीमुळे वाहतूक वळवलेली असल्याने घरीच होतो. डब्यावर झेंडूचे फूल ठेवले आणि अनेक महिने लांबवलेले काम हाती घेतले: बॅकअपमधून प्रत्यक्ष परत उभारणी करून पाहणे.

रेस्टिक हे बॅकअपचे साधन दर रात्री २ टीबीच्या डिस्कवर प्रत काढते आणि दर रविवारी ती अमरावतीला बहिणीच्या घरच्या डिस्कवर जाते. जुना लॅपटॉप घेतला, त्यावर कोरे डेबियन घातले आणि अमरावतीच्या प्रतीवरून तिन्ही संकेतस्थळे उभी करण्याचा प्रयत्न केला. नॅरोगेज सव्वा तासात उभे राहिले. काकांच्या संकेतस्थळाची सर्वांत ताजी नोंद २४ मेची निघाली.

कारण क्लेशकारक आणि साधे आहे. २५ मे रोजी डबा खाली हलवताना यूएसबीची वायर दुसऱ्या खाचेत लावली. डिस्क जोडली गेली, पण काकांच्या माहितीचा उतारा ज्या वाटेवर लिहिला जातो तिथे ती बसवली गेली नाही. त्या वाटेवर नुसते रिकामे फोल्डर होते आणि उतारा चार महिने एसएसडीवरील त्या फोल्डरात मुकाट्याने साठत होता. रेस्टिक इकडे डिस्कवरील मेपर्यंतच्या जुन्या प्रतीचीच रोज नवी प्रत काढत होते. कोणीही खोटे बोलत नव्हते. डिस्क आता खाचेच्या नावाऐवजी तिच्या स्वतःच्या ओळख क्रमांकाने बसवली जाते. शिवाय त्या डिस्कवर ‘मी आहे’ नावाची एक रिकामी फाइल ठेवली असून ती दिसली नाही तर बॅकअपचा प्रोग्राम कामच सुरू करत नाही आणि मला संदेश पाठवतो.

काकांना हे सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “म्हणजे हरवलं काहीच नाही ना? मग ठीक आहे. पण मला एवढं सांग, एवढं सगळं लागतेच काय?”

१६ नोव्हेंबर २०२५, रविवार

लागत नाही. काका महिन्यातून चार वेळा लिहितात, प्रतिक्रिया बंद आहेत, शोधाची पेटी कोणी वापरत नाही. त्यासाठी पीएचपी, मारियाडीबी आणि सहा प्लगिने अहोरात्र जागी ठेवली जात होती. गेले तीन रविवार त्यांच्या २१२ नोंदी साध्या मजकूर फाइलींत उतरवण्यात गेले. ह्यूगो हे साधन त्या फाइलींपासून तयार पाने बनवते आणि एनजिनएक्स ती पाने आहेत तशी वाचकाला देते. काका आता आपल्या संगणकावरील एका फोल्डरात नोंद जतन करतात. ती आपोआप डब्यावर येते आणि दहा मिनिटांत पान तयार होते. पहिल्याच नोंदीच्या नावात ‘किनाऱ्यावरचे शेकाटे’ होते. ऱ तीन बाइटांचा होता, तपासून पाहिला.

पीएचपी आणि मारियाडीबी आज दुपारी काढून टाकले. डब्याच्या वापरातील मेमरी ५०० एमबीच्याही खाली आली.

शिल्लक कामे: इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालणे, राउटर व फायबरच्या डब्यासाठी लहान यूपीएस घेणे, कारण वीज जाताना इन्व्हर्टर लागेपर्यंतच्या क्षणात राउटर पुन्हा सुरू होतो आणि बोगदा दोन मिनिटे तुटतो, भिवापूर स्थानकावरील सात छायाचित्रांच्या तारखा वडिलांना विचारणे. काकांची नवी नोंद सायंकाळी चढली. अंबाझरीवर थापट्या बदकांची जोडी उतरली आहे.